उजवा पाय

"तिथेच थांबा. हलू नका," कांता म्हणाली.

जयवंतला ते ऐकू आलं नाही. तो दारात बूट काढून सरळ आत आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. त्याच्या मागे, दारापासून खुर्चीपर्यंत, पांढऱ्या फरशीवर लाल ठसे उमटले होते. एका आड एक. फक्त उजव्या पावलाचे.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मागे बघा."

त्याने मान वळवून बघितलं. "काय सांडलंय तिथे?" असं म्हणाला, आणि मग त्याची नजर स्वतःच्या पायाकडे गेली.

कांता स्वतःही नुकतीच कामावरून आली होती. लोअर परळच्या एका ऑफिसात ती चहा-नाश्त्याचं बघायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. घरी जाऊन पंख्याखाली जरा पाठ टेकायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिने पर्स ठेवली, मोरीतून टब आणला, त्यात पाणी ओतलं आणि गुडघ्यावर हात ठेवत हळूहळू खाली बसली.

मोजा निघेना. तळव्याला चिकटून बसला होता. तिने पाणी सोडत सोडत तो सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, एक भोक होतं. भोवतालची कातडी भिजून पांढरी, फुगलेली.

"दुखतंय?"

"नाही."

तिने सवयीने विचारलं, त्याने सवयीने सांगितलं.

ती उठली आणि दारात काढलेला त्याचा उजवा बूट उचलून तिने आत हात घातला. "आई गं!" म्हणत तो लगेच बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता. परवाच त्याने बुटाचा तळ शिवून, ठोकून आणला होता. त्यातला एक खिळा वर आला होता. तिच्या बोटाला नुसता टेकला तर कोपरापर्यंत कळ गेली. हा माणूस दिवसभर त्याच्यावर पाय देत होता.

जयवंत गमरेला साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी पायांना मुंग्या यायच्या. मग कापसावर चालल्यासारखं वाटायला लागलं. मग काहीच वाटेनासं झालं. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने बजावलं होतं, रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यात बघायचं, बूट झटकून घालायचे. पण त्याला पोटामुळे वाकता यायचं नाही, आणि चष्मा लावूनही स्वतःचा तळवा नीट दिसायचा नाही. मग ते काम कांताकडे आलं. रोज संध्याकाळी तो टीव्ही बघायचा आणि ती मोबाइलची बॅटरी लावून त्याचे पाय बघायची. कुठे भेग, कुठे घट्टा, कुठलं नख वाकडं वाढतंय, सगळं तिला पाठ झालं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा चेहरा तिने एवढा निरखून कधी बघितला नव्हता.

गेले दोन दिवस ऑफिसात पाहुणे होते. ती उशिरा आली होती, आल्या आल्या आडवी झाली होती. नेमके हेच दोन दिवस.

"चला," ती म्हणाली. "दवाखान्यात."

नाक्यावरच्या डॉक्टर मीनाक्षींनी जखम धुतली, आत बारीक सळी घालून ती किती खोल आहे ते बघितलं. ते बघताना कांताने मान फिरवली. जयवंत मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"हाडापर्यंत गेलेलं नाही, नशीब," डॉक्टर म्हणाल्या. "पण उद्या सकाळी परळला मोठ्या हॉस्पिटलात जायचंच. तिथे पायांची वेगळी ओपीडी आहे. अशा जखमा लोक अंगावर काढतात आणि मग बोट जातं, पाऊल जातं. काम काय करता तुम्ही?"

"शाळेत असतो."

"शिपाई?"

"तसंच समजा."

"मग सुट्टी टाका. या पायावर अजिबात जोर द्यायचा नाही."

कांता त्याच्या पायात सैल चप्पल सरकवत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. दोघं घरी परतली. लिफ्टमध्ये जुन्या चाळीतले एक ओळखीचे भेटले, "जयभीम, गमरे! लंगडताय?" त्यांनी विचारलं. "जयभीम. काही नाही, जरा लागलंय," जयवंत म्हणाला. लागलंय! कांताला त्या शब्दाचंच हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर.

घरात आल्यावर तिने आधी फरशी पुसली. ठसे वाळले होते, घासावे लागले. चाळीतल्या जुन्या घरात काळपट फरशी होती, तिच्यावर हे दिसलंही नसतं.

"खोटं का बोललात डॉक्टरांशी?"

"खोटं काय त्यात? शाळेतच असतो ना मी."

"शाळेची बस चालवता तुम्ही."

त्याने मान खिडकीकडे वळवली. बाहेर समोरच्या टॉवरमध्ये एकेक दिवा लागत होता.

"तुम्हाला खिळा कळला नाही," कांता म्हणाली. आवाज चढवायचं तिच्यात त्राणच नव्हतं. "मग ब्रेक कसा कळतो?"

"ब्रेकचं वेगळं असतं. सवय असते, कांता. एवढी वर्षं गाडी चालवली, पाय आपोआप जातो."

"डोळे मिटा."

"काय नवीन नाटक?"

"मिटा ना."

तिने कान साफ करायची कापसाची काडी घेतली. हॉस्पिटलमध्ये करतात तसंच करायचं. लागलं की सांगायचं. त्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून डोळे मिटले. तिने पट्टी नसलेल्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर काडी टेकवली. तो गप्प. करंगळीला टेकवली, टाचेला टेकवली. तो गप्पच. मग तिने काडी आपल्या मांडीवर ठेवली आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"हं, आता," तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.

"आता परत. बोटाला." थोडं थांबून, "आता टाचेला. बरोबर?"

उत्तर येईना तेव्हा त्याने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात पदरात होते. काडी मांडीवर होती.

मग तो जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"मला काय माहीत नाही होय? गणपतीच्या आधीपासून असं आहे. पेडल पायाखाली आलंय का नाही, समजतच नाही. मग बघून घेतो."

"काय बघून घेता?"

"खाली. पाय कुठे पडलाय ते."

"आणि तेवढा वेळ रस्ता कोण बघतं?"

मग त्याने तिला लालबागच्या सिग्नलचं सांगितलं. सिग्नल पडला, पाय ब्रेकच्या कडेवर पडून घसरला, आणि बस तशीच पुढे सरकत गेली. पुढे स्कूटरवर एक बाई होती. दुसऱ्यांदा पाय बसला म्हणून गाडी थांबली. जोरात थांबली. "पोरी हसल्या मागे. त्यांना वाटलं, काकांनी मुद्दाम झटका दिला. एकदा अजून, काका, म्हणायला लागल्या."

कांताने त्या पोरींना कधी बघितलं नव्हतं. पण कोणाला बस लागते, कोण डबा न खाता परत नेते, कोण रोज बाटली विसरते, हे तिला सगळं ठाऊक होतं. जेवताना तो त्यांच्याबद्दलच बोलायचा. लेकीचं, प्रितीचं, लग्न होऊन ती बदलापूरला गेल्यापासून तर जास्तच.

"उद्या सांगून टाका मालकाला, अभयला."

"सांगून काय करू? घरी बसू?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "चाळीत होतो तेव्हा गॅलरीत तरी उभं राहता यायचं. चार माणसं भेटायची. इथे काय? दार लावून भिंत बघत बसू दिवसभर?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिथूनच म्हणाली, "सकाळी मी येते बसच्या यार्डात."

"तू कशाला? मी काय लहान आहे?"

"तुम्ही सांगा. मी नुसती उभी राहीन."

सकाळी दोघं निघाली तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. तो सैल चप्पल ओढत, टाचेवर भार देत चालत होता. ती एक पाऊल मागे होती.

यार्डात पिवळ्या बसेस ओळीने उभ्या होत्या. बसमालक अभय फाटकाशी उभा राहून फोनवर बोलत होता. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून जयवंत इथे होता. अभयला त्याने चड्डीत बघितलं होतं.

"अरे, काकी पण? काय विशेष?"

जयवंतने सांगितलं. फार लांबवलं नाही. पाय दाखवला, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. कांताला वाटलं, तो खिळ्यावर थांबेल. पण तो थांबला नाही. "आणि मला पेडल कळत नाही, अभय. दोन्ही पायांना काही समजत नाही. आजपासून मी गाडी नाही चालवणार."

अभयने घड्याळात बघितलं. "काका, असं ऐन वेळेला? आता मी कुठून ड्रायव्हर आणू? पोरं खाली येऊन उभी असतील." मग तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "आजची एक ट्रिप मारा ना. एकच. एकदम सावकाश. दुपारपर्यंत मी बघतो काहीतरी."

कांताने नवऱ्याकडे बघितलं. बसची चावी त्याच्या हातात होती. तो बसपाशी गेला, दार उघडलं, एक हात स्टिअरिंगवर ठेवला. पायरीवर चढायला उजवा पाय उचलला. ती पुढे झाली नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याने खाली पाहिलं. पाय पायरीवर नीट पडलाय का, ते बघायला. पांढरी पट्टी बांधलेला तो पाय पायरीच्या कडेवर अर्धा लोंबत होता.

त्याने पाय खाली घेतला आणि परत येऊन अभयच्या हातात चावी दिली.

"नाही जमणार."

अभय चावीकडे बघत राहिला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "काका, म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"हो," जयवंत म्हणाला.

अभयचा चेहरा बदलला. कांताला बोलायचं होतं. की यांनी कधी रजा घेतली नाही, की एकदाही कोणाला साधं खरचटलं नाही. पण तो स्वतः काही बोलत नव्हता, म्हणून तीही बोलली नाही. अभय फोन कानाला लावून लांब गेला. शीव कोळीवाड्याहून कोणी ड्रायव्हर येणार होता, वेळ लागणार होता. पालकांना कळवायला हवं होतं. त्याने पुन्हा जयवंतकडे बघितलं नाही.

ड्रायव्हर येईपर्यंत जयवंतने पुढची काच पुसली. केबिनमधून आपली पाण्याची बाटली, नॅपकिन आणि उन्हाचा चष्मा काढून कांताच्या पिशवीत टाकला. नवा माणूस उंच की बुटका ते माहीत नव्हतं, म्हणून सीट मध्यावर आणून ठेवली.

तो आला तो चांगला उंच, तिशीतला माणूस होता. जयवंत त्याला म्हणाला, "क्लच कडक आहे जरा. आणि पहिल्याच बिल्डिंगपाशी एक बारकी मुलगी झोपेतच चढते. ती बसल्याशिवाय गाडी काढू नको."

"हो, काका."

बस फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. जयवंत उभाच होता. कांताही थांबली. तिने ऑफिसात रजेचा निरोप दिला होता, घाई कसलीच नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "चल. ओपीडीला गर्दी होईल."

परळला जायला त्यांनी बेस्टची बस पकडली. पुढे, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर जागा मिळाली. जयवंत खिडकीशी बसला. वाटेतला पूल बंद असल्यामुळे बस लांबून फिरून जात होती आणि रस्ता तुंबलेला होता. तो बाहेर बघत होता. दुकानं अजून उघडली नव्हती.

कांताची नजर सवयीने त्याच्या पायाकडे गेली. पट्टीतून रक्त पाझरतंय का, ते तिला बघायचं होतं. पाझरत नव्हतं. तेवढ्यात पुढे सिग्नल पडला, ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि तिला दिसलं, जयवंतचा उजवा पाय पुढे सरकून खालचा पत्रा दाबत होता. बस थांबली तसा पाय सैल झाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो तसाच बाहेर बघत होता. त्याला पत्ताच नव्हता.

पुढच्या सिग्नलला पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काय गं?"

"काही नाही. धक्के बसतायत."

"धर मग घट्ट," तो म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

समोर एक टॅक्सी आडवी आली. कांताच्या हाताखाली त्याचा गुडघा ताठ झाला. तिने खालून हात घालून, जखमेवर भार येऊ नये म्हणून, तो सगळा जोर लावून वर धरला, आणि बस थांबेपर्यंत सोडला नाही.