विसरलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं पसरली. एकही फोडलेलं नव्हतं.

"तीन महिन्यांच्या गोळ्या तशाच? बाजीराव, क्रिएटिनिन दुप्पट झालंय. किडनी हातची जाईल. गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

शेजारी त्यांची मुलगी प्रतीक्षा बसली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती मधुमेही उंदरांना ग्रीन टीचा अर्क पाजायची. जयंतीच्या उत्सवाला गावी, सुदुंबऱ्याला आली तेव्हा तिने वडिलांना मोबाइलवर दोन फोटो दाखवले होते. अर्क न दिलेल्या उंदराचं मूत्रपिंड, आणि दिलेल्याचं. फरक कुणालाही दिसला असता. नंतर चहाचे डबेही तिनेच पाठवले. एकदा फोनवर ते म्हणाले होते, "आता गोळ्या कशाला? माझ्या पोरीचं औषध हाय." थट्टा समजून ती हसली होती.

"डॉक्टर, मी..."

टेबलाखाली बाजीरावांनी तिचं मनगट धरलं.

"कुणी न्हाई सांगितलं. इसरलो मी."

"तीन महिने?"

"वय झालं, डॉक्टर."

डॉक्टर बराच वेळ बोलले. डायलिसिसचंही बोलले. बाजीराव मान हलवत राहिले. पकड मात्र सैल झाली नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी हात सोडला.

"बाबा, ते उंदरांवरचं काम आहे. गोळ्या सोडा असं मी कधी..."

"तू न्हाईच म्हणलीस. मीच सांगत सुटलो, पोरीनं औषध शोधलंय म्हणून." ते चपलेकडे बघत होते. "आत तुजं नाव निघालं असतं, तर एवढं शिकून काय केलं म्हणले असते. म्हातारा इसरला, एवढंच ऱ्हाऊ दे."

"कोणाकोणाला सांगितलंत?"

ते चपलेचा पट्टा ओढून नीट करू लागले.

"बाबा, आणखी कोणी गोळ्या सोडल्यात?"

"शेजारच्या भिकाजीनं."

तिने हात पुढे केला. बाजीरावांनी खिशातला फोन काढला, पण तो देईनात. मग दिला.

"भिकाजीकाका, प्रतीक्षा बोलतेय. तुमच्या गोळ्या आजच सुरू करा. उद्या दवाखान्यात या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाजीरावांनी मान दुसरीकडे वळवली.

"नाही काका," ती म्हणाली. "औषध सापडलेलं नाही."