महाराजांनी आखडलेला रस्ता

माणसं एकशे चौदा. त्यांतली साठाच्या वर बंद मिलची, गळ्यातल्या गमछ्यावरून आणि खोकल्यावरून ओळखू येणारी. नारळ एकवीस. लाउडस्पीकर दोन. आणि जिची सगळे वाट पाहत होते ती महाराजांची परदेशी जीप एक. चार चाकं खाली, पाचवं मागच्या दारावर.

राऊजवळ, 'महू १०' लिहिलेल्या दगडापाशी आम्ही उभे होतो. जीप 'महू २०'च्या दगडापासून निघाली होती. म्हणजे अंतर दहा किलोमीटर. ती धूळ उडवत आली, थांबली, आणि पुढच्या सीटवरून माझा मामा भाऊराव उतरला. धाप लागली होती, तरी ओरडला, "आठ पॉइंट आठ! मी सोता पाह्यलं! निघताना शून्य होतं!"

"आणि काटा?" कुणीतरी विचारलं.

"साठावर. हलला नाही. आणि घड्याळात पावणेनऊ मिनिटं!"

साठच्या वेगानं दहा किलोमीटरला दहा मिनिटं लागतात. म्हणजे घड्याळसुद्धा महाराजांच्या बाजूनं. जयजयकार झाला.

मार्गानंद महाराजांनी माइक तोंडाशी धरला. "देखो भिया, सरकारने दस किलोमीटर बनाए थे. सवा मैं खा गया. डकार भी नहीं ली!" लोक हसले. "कोई भी इंजीनियर आके देख ले. मीटर अमरीका का है, मेरे बाप का नहीं!"

मामा अंगाऱ्याला भुलणारा माणूस नव्हता. आमच्या घरात देवाचा फोटो नाही. आजोबा महूच्या पलटणीत असताना बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. पण मामानं सव्वीस वर्षं मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढली होती. तिथे प्रत्येक साच्यावर मीटर असे. मीटर म्हणेल तेवढं कापड, तेवढीच मजुरी. जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, भांडण झालं की सगळे मीटरकडे बघत आणि भांडण मिटे. मिल बंद झाली, युनियन फुटली, पुढारी विकले गेले. या सगळ्यात त्या माणसांना मीटरनं तेवढं कधी फसवलं नव्हतं.

महाराजांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हवेतून कुंकू काढलं नाही. मीटर दाखवला.

मामाला क्षय होता. औषध सहा महिन्यांचं. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसले नाहीत, वजन वाढून अठ्ठेचाळीसवर आलं, आणि त्याच आठवड्यात महाराज त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छह महीने का रास्ता है ना? मैंने दो में समेट दिया." मामानं गोळ्या बंद केल्या. त्याला आता तीन महिने होत आले होते.

"कीर्ती, तू त्यान्ला समजाव गं," कौसल्यामामी मला म्हणाली होती. "माझं ऐकत नाहीत. रात्रभर खोकतात अन् म्हणतात, बिमारी बाहेर पडतेय."

मी समजावलं होतं. मामा म्हणाला, "तू बी.एस्सी. झालीस ना? मग मीटर खोटा कर. मग गोळ्या खाईन."

म्हणून त्या रविवारी मी तिथे होते. बरोबर अच्युत होता. ज्या गॅरेजमध्ये मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम पाहते, तिथला तो मेकॅनिक. जीपचे टायर त्यानंच बदलले होते, मी नोकरीला लागण्याआधी.

मी पुढे झाले. "महाराज, मी बघू का?"

"आओ बेटी, आओ! दर्शन करो!"

मी ड्रायव्हरचं दार उघडलं. चौकटीवर कंपनीचं स्टिकर होतं, त्यावर टायरचं माप. मामाला ते वाचायला लावलं आणि मग टायरवर कोरलेलं माप वाचायला लावलं. दोन्ही वेगळी निघाली.

"मोठे टायर आहेत. तो क्या हुआ?" मामा म्हणाला.

मी टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूची खूण केली. चौघांनी जीप ढकलली, खूण एक फेरा घेऊन पुन्हा खाली आली. टेप मी मामाच्या हातात दिला. दुसऱ्यानं मोजलेलं तो मानणार नव्हता.

"दोन मीटर छप्पन्न," मामा म्हणाला. परत मोजलं. तेच.

"स्टिकरवरचा टायर एका फेऱ्यात दोन चोवीस जातो," मी म्हटलं. "मामा, मीटरला रस्ता दिसत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि दर फेऱ्याला दोन चोवीस धरतो. गाडी जाते दोन छप्पन्न. काटाही त्याच हिशेबानं चालतो. काट्यावर साठ असताना गाडी साडेअडुसष्टनं पळत होती. म्हणून लवकर पोचलात."

मामाचे ओठ हलत होते. तो गुणाकार करत होता.

"अरे, टायर बदलले की नवं माप गाडीच्या कम्प्युटरमधे टाकावं लागतं," अच्युत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी तेव्हाच बोललो होतो ड्रायव्हरला. तर म्हणे, रहने दो भिया, महाराजजी ने मना किया है."

ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला. महाराजांचा आवाज चढला, "ये लड़की नास्तिक है! गाड़ी को हाथ मत लगाने दो!"

"आत्ताच तर म्हणालात, कोई भी इंजीनियर आके देख ले," मामा म्हणाला. त्यानं स्वतः दार धरून ठेवलं. स्टिअरिंगखालच्या जागी अच्युतनं गॅरेजचा सेटिंग बदलायचा डबा जोडला आणि टायरचं नवं माप भरलं. काम चार मिनिटांचं. मामाला घेऊन आम्ही 'महू २०'पर्यंत गेलो. मीटरवर दहा पूर्णांक शून्य.

परतलो तेव्हा महाराज कुणाच्या तरी स्कूटरवरून निघून गेले होते. माणसं एकोणचाळीस उरली होती. त्यांतली द्वारकाबाई माझ्यावर ओरडली, "अगं, मिल गेली, आता हेपण घेतलंस आमचं!" तिच्या मुलाला महाराजांनी नोकरीचा रस्ता छोटा करून देईन म्हटलं होतं. तिला द्यायला माझ्याजवळ नोकरी नव्हती.

मामाची चूक मीटर मानण्यात नव्हती. हा मीटर मोजतो काय आणि त्यात माप कुणी भरलं, हे त्यानं विचारलं नाही. साच्यावर काम करताना तो हे रोज विचारायचा. चमत्काराबरोबर आकडा दाखवला जातो तेव्हा तर हे विचाराच. टेप घ्या, स्वतः मोजा. आणि रस्ता आखडला असता, तरी त्यामुळे छातीतले जंतू मरत नाहीत.

सोमवारी सकाळी मामा स्वतःहून माझ्याबरोबर दवाखान्यात आला. वाटेत फक्त एवढंच म्हणाला, "तीन महिने, कीर्ती."

रिपोर्ट गुरुवारी मिळाला. थुंकीत क्षयाचे जंतू: तीन प्लस, म्हणजे सगळ्यात वरची पातळी. वजन: एक्केचाळीस किलो.