डोलणारा तारा

प्रांजल कराडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सुट्टीला आटपाडीकडच्या आपल्या गावी आली तरी लॅपटॉप तिच्या मांडीवरच होता. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेले ताऱ्यांचे वर्णपट आता कुणालाही बघायला मिळतात. त्यातल्या एका ताऱ्यानं तिला अगदी वेड लावलं होतं.

मेंढरं वाड्यात घालून तिचे वडील, अर्जुनाआबा, शेजारी टेकले.

"ह्या काळ्या रेघा कसल्या गं?"

"ताऱ्याचा उजेड फोडला की दिसतात, आबा. तारा आपल्याकडं आला की रेघा निळ्याकडं सरकतात, लांब गेला की तांबड्याकडं. ह्यो तारा पुढंमागं डोलतोय. माणूस चालतो ना, तेवढ्याच वेगानं."

"आन् त्याला डोलवतंय कोण?"

प्रांजलनं खुंटीवरची गोफण काढून त्यांच्या हातात दिली. आबांनी दगड घालून अंगणात गरगर फिरवली.

"आता दगडाकडं नको, सोताच्या कमरंकडं बघा."

दगड इकडं आला की कंबर तिकडं जात होती. आबा थांबले. "म्हंजी दगड दिसला न्हाई तरी माज्या डुलण्यावरनं कळंल."

"व्हय. तसाच तिथं ग्रह असावा."

तो 'असावा' आबांनी वाटेतच सोडला. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात त्यांनी सांगून टाकलं, की पोरीनं नवी पृथ्वी शोधली.

प्रांजलची एक तपासणी मात्र राहिली होती. ताऱ्यावर काळे डाग असले, तर तो स्वतःभोवती फिरताना रेघा तशाच सरकल्यासारख्या भासतात. कराडला परतल्यावर तिनं त्याच वर्णपटातल्या कॅल्शियमच्या रेघा तपासल्या; ताऱ्याचा डागाळलेला भाग समोर आला की या रेघा उजळतात. त्याही त्याच तालावर उजळत आणि मंदावत होत्या. म्हणजे सगळा खेळ डागांचा. ग्रहाचा पुरावाच उरला नाही.

तिला फार वाईट वाटलं. आबांना फोन करायचा ती टाळत राहिली. शेवटी केलाच.

"आबा, त्यो ग्रह न्हवता. ताऱ्यावरचं डाग होतं. बाजारात तुमाला हसतील."

"हसू दे." आबा म्हणाले. "डाग केवढं आसतील गं?"

"आपली पृथ्वी आत मावंल, एवढं."

"आन् ते येवढ्या लांबनं तुला कळलं?"

प्रांजलनं हे असं मनात आणलंच नव्हतं. त्या ताऱ्याच्या फोटोत नुसता एक ठिपका होता, आणि तरी त्याच्या अंगावरचे डाग तिला सापडले होते.

"ते डाग ताऱ्यावर एकाच जागी ऱ्हात्यात, का जागा बदलत्यात?" आबांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून तिनं त्या ताऱ्याचे जुने वर्णपट उघडले.