पेवाने पाहिलेला राखणदार

नमो राखणदारा दयाळा । भूगर्भीही तुझा जिव्हाळा ।
कणाकणाला वेळोवेळा । सांभाळिसी ॥

त्या प्रभूला नमन करून मी, मुडबीच्या शिवारातले एक पेव, बोलत आहे. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेली खोल कोठी. माझे तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढेच. पोट मात्र रांजणासारखे ऐसपैस.

माझा आजचा धनी शांतप्पा; त्याच्या आजोबांनी मला घट्ट पांढऱ्या मातीत खणले. आत कडबा पेटवून माझ्या भिंती भाजल्या, तळाशी भुसा अंथरला, वर ज्वारी ओतली आणि तोंडावर शहाबादी फरशी ठेवून फटी शेणामातीने लिंपल्या. आजोबा ख्रिस्ताचे भक्त होते. माझ्यातून निघालेली पहिली टोपली हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पण करायची, हा त्यांनी घराला घालून दिलेला नेम. "पेवासारखा राखणदार न्हाई," असे लोक म्हणत, आणि मीही ते खरे मानून चालले.

पण बंद पोटात धान्यही श्वास घेते, आणि तो कोंडलेला श्वास माणसाला विषासारखा बाधतो. म्हणून फरशी आदल्या दिवशी काढायची, मग दोरीने पेटता दिवा आत सोडायचा, आणि दिवा तेवत राहिला तरच उतरायचे, अशी जुनी रीत. शांतप्पाचे थोरले भाऊ देवदानअण्णा एका वर्षी न थांबता उतरले. ते जिवंत वर आले नाहीत. ज्याने अनेक दुष्काळांत घर जगवले, तेच मी त्या दिवशी घरघेणे ठरले. माझ्या तोंडावर फरशी पडली ती पडलीच. लेकरांना माझ्याकडे बोट दाखवायचीही मनाई झाली. मला त्याचे वाईट वाटले नाही. तो शोक रास्तच होता.

गोण्यांतल्या ज्वारीला वरचेवर कीड लागू लागली, तेव्हा यंदा शांतप्पाने मला झाडून, भाजून पुन्हा भरले. आणि हंगामाच्या सणाची सकाळ उजाडली.

"काल झाकण काढायचं राहिलं. कमलनगरच्या प्रार्थनेहून यायला जीपच मिळाली न्हाई," फरशी सरकवत शांतप्पा म्हणाला. "आता काढतो आन् उतरतो. चर्चमदी समदे वाट बघायलेत."

"कामून घाई करायलाव?" त्याची बायको रत्नाबाई म्हणाली. "दिवा तरी सोडा आधी."

"अण्णा गेल्यापासून ह्या तोंडाला भ्यायलोय मी. साऱ्या गावाला सांगतो, प्रभू राखतो म्हणून. आन् सवता भितो. आज भिणार न्हाई."

तिने वाद घातला नाही. गोठ्यातून म्हशीचे लांब दावे आणले आणि त्याच्या काखेखालून आवळू लागली.

"अगं, मी काय म्हैस हाय व्हय?"

"म्हैस असती तर कवाच ऐकली असती."

तो हसत उतरला. मी ओरडले असते. पण मातीला कंठ नसतो. त्याने ज्वारीची एक ओंजळ टोपलीत टाकली, दुसरी भरली, आणि ती त्याच्या बोटांतून निसटली. "प्रभू..." एवढाच शब्द ओठांवर आला आणि तो धान्यावर कलंडला.

पुढे जे झाले ते सांगताना आजही माझ्या भिंती शहारतात. माझ्या पोटातला काळोख मला जन्मापासून ओळखीचा. त्या क्षणी तो मला परका झाला. मी त्या माणसाला वेढले होते, हे खरे. पण मला, माझ्या भोवतीच्या भूमीला आणि त्या भूमीवरच्या आकाशाला कोणीतरी वेढले होते. एवढ्या पिढ्या राखणदार म्हणून मिरवलेले मी, त्याच्या ओंजळीत एका दाण्याएवढे झाले.

वर रत्नाबाई दावे ओढत टाहो फोडत होती, "बसवराज! धाव रे बाबा!"

शेजारच्या शेतातून बसवराज धावत आला. दोघांनी मिळून ओढले. माझ्या अरुंद तोंडाशी शांतप्पाचा खांदा अडकला. बसवराजने पालथे पडून तो सोडवला. बाहेर त्याला उताणे निजवले. छाती हलेना. रत्नाबाई रडली नाही. पदराने त्याच्या तोंडावरचा भुसा पुसत ती सारखी त्याला हाका मारत राहिली. अखेर त्याला खोकल्याची मोठी उबळ आली, आणि श्वास परतला.

बऱ्याच वेळाने बसवराज म्हणाला, "अप्पा, राग धरू नका. तुमच्या देवानं राखलं, का अक्काच्या दाव्यानं?"

"दावं अक्काचंच," शांतप्पाचा आवाज चिरका झाला होता. "माझी हिंमत बघून देवानं राखलं, असं म्हणू नको, बसवराज. ती हिंमत न्हवती, हट्ट होता. हट्ट करायलो होतो, तरी राखलं."

रत्नाबाईने खाली मान घालून विचारले, "मग अण्णांना का न्हाई?"

शांतप्पा माझ्या उघड्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "ते मला कळत न्हाई. खाली पडलो तवा एवढंच कळालं, की कुणीतरी धरलंय. वर आलो नसतो, तरी धरलेलाच होतो. अण्णाला बी असंच धरलं असंल. त्याला तिकडं घेतलं, मला हिकडं ठेवलं. हातातून सुटला न्हाई कुणीच."

रत्नाबाईने पदर तोंडाला लावला. आता मात्र ती मोकळेपणाने रडली.

बसवराज उठला, घरी गेला आणि ज्वारीने भरलेली टोपली घेऊन आला. "आज कुणी उतरायचं न्हाई. ही न्या सणाला. पेवातली न्हाई, गोणीतली हाय. तुमच्या देवाला चालंल न्हवं?"

"चालंल काय, पळंल," शांतप्पा म्हणाला, आणि बसवराजच्याच खांद्यावर हात टाकून चर्चकडे निघाला.

आता मी पुन्हा या घरची ज्वारी सांभाळते. माझी फरशी आदल्या दिवशी निघते, आधी दिवा उतरतो, मग माणूस. एवढीच विनवणी, बाबांनो: राखणाऱ्यावर पूर्ण विसंबा, पण त्याची परीक्षा पाहू नका. मला कोणी राखणदार म्हटले, तर मी आता मनोमन लाजते.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाचे प्रभू कल्याण करो. तुमच्या घरातली चूल पेटती राहो, कणगीत दाणा राहो. जे घरी आहेत ते त्याच्या हातात सुखरूप असोत. आणि जे पुढे गेले, तेही त्याच्याच हातात आहेत, हा विसावा प्रत्येक उंबऱ्याला लाभो. आमेन.