कायमची आणि किल्लीची

जावईबापू पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक होते. दिवसभर त्यांच्यासमोरून खोकी सरकत जायची आणि दर पन्नासाव्या खोक्यावर ते ‘तपासले’ असा निळा शिक्का मारायचे. मधली एकोणपन्नास विश्वासावर. आठ वर्षं हे काम केल्यावर त्यांची अशी ठाम समजूत झाली होती की आपण एखाद्या वस्तूकडे बघितलं म्हणजे ती तपासून झाली.

त्यांचे सासरे बरोबर उलटे. वजनकाटे, दाबमापकं, तापमापकं दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. भिंतीवरच्या घड्याळावरही त्यांनी रेडिओच्या ठोक्याशी जुळवून घेतल्याशिवाय कधी विश्वास टाकला नाही. लग्नानंतर जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या हातात वीज मोजायचा एक पिवळा मल्टीमीटर ठेवला होता. “घरात असावा,” ते म्हणाले होते. “माणूस चुकतो, हा चुकत नाही.” जावईबापूंनी “अरे वा” म्हणून तो घेतला, घरी नेला आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिला. तिथे तो सहा वर्षं सुखाने झोपला होता.

जावईबापूंचं खरं दुखणं वेगळंच होतं. सासरे साऱ्या जगाला अरेतुरे करत. वरच्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहायचे, त्यांनाही “अरे, तुझा नळ वाहतोय बघ” असं जिन्यातून ओरडून सांगत. फक्त जावयाला ‘पाहुणे’. या पाहुणे, बसा पाहुणे. बल्ब बदलायला जावईबापू स्टुलावर चढले की “तुम्ही कशाला पाहुणे” म्हणून त्यांना खाली उतरवायचं आणि सत्तरीच्या गुडघ्यांनी स्वतः वर चढायचं. मान मिळत होता, पण तो बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यापुरताच.

एका रविवारी चहा घेताना सासरे म्हणाले, “डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. गाडीची दुसरी किल्ली कुणाकडे तरी द्यायला हवी. गाडी समजून घेईल अशा कुणाकडे.”

ती किल्ली विजेच्या मीटरशेजारी खिळ्याला लटकत होती. गाडी तेरा वर्षांची, पण आरशासारखी ठेवलेली. सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. लेकीने खिडकीबाहेर बघितलं. जावईबापूंनी किल्लीकडे बघितलं आणि त्यांना स्वच्छ दिसलं की ही किल्ली खिशात आली की पाहुणेपण संपलं.

गाडी आपल्याला समजते हे दाखवायला त्यांनी गाडीचा टेप निवडला. तो कंपनीचा मूळचा होता. सीडीचं तोंड कधीच मिटलेलं, बटणांवरचे आकडे पुसलेले, आणि लागणाऱ्या दोनच स्टेशनांपैकी एक वळणावर जायचं. सासऱ्यांची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती, पण भेटवस्तू द्यायची म्हटल्यावर घेणाऱ्याची तक्रार कोण विचारतो.

टेपवाल्याच्या दुकानात त्यांनी सात इंची पडद्याचा टेप पसंत केला.

“बसवून देऊ का?” टेपवाल्याने विचारलं. “पाऊण तासाचं काम आहे.”

“मीच बसवणार. मी गुणवत्तेतच आहे.”

“बरं. मग एवढं ऐकून घ्या. टेपची पिवळी वायर कायमची, लाल किल्लीची. कायमचीला गाडीची किल्ली काढली तरी करंट हवा, त्याच्यावर टेपची आठवण टिकते. किल्लीचीला किल्ली फिरवली की मगच. आणि तुमच्या या गाडीत ना, कंपनीने—”

“माहितीये हो. व्हिडिओ बघितलेत मी.”

“किती?”

“अकरा.”

टेपवाल्याने अकरा या आकड्याचा मान राखला आणि उरलेलं वाक्य गिळलं. “मीटर आहे ना घरी? लावून बघा एकदा.”

“आहे ना,” जावईबापू म्हणाले, आणि ते खोटं बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी इमारतीच्या आवारात काम सुरू झालं. सासरे हात मागे बांधून शेजारी उभे राहिले. जावईबापूंनी डॅशबोर्डची चौकट ओढली तेव्हा आत दोनदा कडकड झालं. तुटलेल्या दोन खिट्ट्या त्यांनी कुणाला न दाखवता शर्टाच्या खिशात टाकल्या. सासऱ्यांनी त्या खिशाकडे बघितलं आणि आभाळाकडे तोंड केलं.

“बॅटरीची एक वायर सोडवून ठेवू का?”

“काही गरज नाही, बाबा.”

“बरं,” सासरे म्हणाले, पुढे गेले, बॉनेट उघडून धूळ पुसण्याचं निमित्त केलं आणि पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेताने ती वायर सोडवून आले. मग जावईबापूंनी गाडीच्या तारांच्या टोकाला असलेला कंपनीचा प्लग हातात धरला आणि मुळापासून कचकन कापला.

सासऱ्यांचा हात छातीवर गेला. “तो कापायचा असतो का?”

“सगळे कापतात.”

गाडीच्या पिवळीला टेपची पिवळी, लालला लाल, काळीला काळी. कारखान्यात पिवळी पट्टी म्हणजे नाजूक माल, लाल म्हणजे नाकारलेला. रंग कधी खोटं बोलतो ही कल्पनाच जावईबापूंच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती. तारा पिळल्या, टेप लावला. सासऱ्यांनी पुन्हा बॉनेटवरची धूळ पुसली. किल्ली फिरवताच पडदा उजळला आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, “स्वागत आहे. भाषा निवडा.” जावईबापूंनी भाषा निवडली, तारीख घातली, वेळ लावली, स्टेशन लावलं. गाणं सुरू झालं. त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं: चित्र ठीक, आवाज ठीक, स्पर्श ठीक. किल्ली एकदा काढून पुन्हा लावून बघावी, हे त्या अकरा व्हिडिओंत असेलही, पण ते शेवटच्या मिनिटात असणार, आणि शेवटचं मिनिट जावईबापूंनी कधी बघितलं नव्हतं.

“छान आहे हो, पाहुणे,” सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासरे भाजी आणायला निघाले. किल्ली फिरवली. “स्वागत आहे. भाषा निवडा.” त्यांनी भाषा निवडली, तारीख घातली, वेळ लावली. भाजी घेऊन परत आले, किल्ली फिरवली. “स्वागत आहे. भाषा निवडा.” त्यांना वाटलं, बाई विसरल्या असतील. तिसऱ्या दिवशी पेन्शनच्या कार्यालयासमोर तेच. नऊ दिवस सासऱ्यांनी दर फेरीला त्या बाईला भाषा सांगितली, आणि दर फेरीला तिने त्यांचं जन्मात पहिल्यांदाच भेटल्यासारखं स्वागत केलं. टेप कुण्या परक्याने बसवला असता तर सासऱ्यांनी त्याला दहा मिनिटांत गाडीखाली झोपवलं असतं. पण जावयाने दिलेलं, जावयाने बसवलेलं. त्यात खोट कशी काढायची? सासूबाईंनीही बजावलं होतं, “काही बोलू नका हं त्यांना. मोठ्या हौसेने केलंय.”

शेवटी दहाव्या दिवशी सासऱ्यांनी लेकीला फोनवर आडून विचारलं, आणि तिने रात्रीच्या जेवणाला ते नवऱ्यासमोर ठेवलं. “बाबा विचारत होते, तो टेप रोज नव्याने ओळख करून घेतो, तसंच असतं का?”

जावईबापूंचा घास हातातच राहिला. “ती सुरक्षा आहे. गाडी चोरीला गेली तर चोराला भाषा निवडता येऊ नये म्हणून.”

“चोराला का नाही येणार?”

“तू जेव.”

“मीटर लावून बघ ना एकदा. बाबांनी दिलेला.”

“मीटर लावायला काय बिघडलंय?”

बुधवारी कारखान्यातून ते परस्पर सासरी गेले. वाटेत विचार करून उत्तर सापडलं होतं. आठवण टिकत नाही, म्हणजे करंट कमी पडतोय. कमी पडतोय, तर जास्त द्या. त्यांनी चौकट काढली. आता ती आपणहून निघत होती. पिवळ्या दोन्ही आणि लाल दोन्ही, अशा चारही तारा एकत्र पिळल्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली.

टेप आता काही विसरत नव्हता. तसा तो आता बंदही होत नव्हता.

“किल्ली काढली तरी चालूच आहे?” सासऱ्यांनी हातातली किल्ली पुन्हा एकदा बघून घेतली.

“हे बटण दाबून धरा. हं, झाला पडदा काळा.”

“आणि मोबाईल चार्ज करायच्या भोकातला हा दिवा? पूर्वी किल्ली काढली की विझायचा.”

“तीही सोयच झाली.”

“बरं,” सासरे म्हणाले. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या वेळा ‘बरं’ निघालं नसेल.

काळ्या पडद्यामागे टेप जागाच होता. तो, तो दिवा आणि किल्लीच्या तारेवरचं बाकी सगळं मिळून पाऊण अँपिअर खात होतं. बुधवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ म्हणजे साठ तास. गुणाकार केला तर पंचेचाळीस अँपिअर-तास. बॅटरी पस्तीसची होती, तीही चार वर्षं जुनी. मधल्या दोन दिवसांत गाडी हलली नव्हती.

शनिवारी सकाळी नऊला सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. लेक आणि जावई आठलाच येऊन थांबले होते. सासूबाई फाईल मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. डोळ्यात औषधाचे थेंब आधीच घातलेले. सासऱ्यांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या वेळी टक् सुद्धा नाही.

“भाषा नाही विचारली आज,” मागून सासूबाई म्हणाल्या.

सासरे खाली उतरले. जावईबापूंकडे न बघता त्यांनी वर तोंड करून हाक मारली, “अरे, तुझी गाडी आण खाली. आणि ती जाड केबल आण.”

निवृत्त न्यायाधीश पायजम्यावरच आले. गाडी समोर आणून लावली, दोन्ही बॅटऱ्यांना केबल जोडली, आणि डॅशबोर्डवरून अर्धवट लोंबणाऱ्या चौकटीकडे बघून म्हणाले, “कुणाचं काम हे?”

“टेप नवीन आहे,” सासरे म्हणाले.

“मी टेपचं नाही विचारलं.” न्यायाधीशांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. जावईबापू चाकातली हवा बघायला वाकले होते. “असो. आरोपी हजर आहे, एवढं पुरे.”

“तुझं इंजिन चालू ठेव,” सासरे म्हणाले, आणि मग अगदी मऊ आवाजात, “पाहुणे, मी दिलेला तो मीटर असेल का हो कुठे?”

जावईबापूंनी घसा खाकरला. बायकोने पर्स उघडून खोकं पुढे केलं. “मी आणलाय.”

खोक्यावरचा सहा वर्षांपूर्वीचा प्लास्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा होता. सासऱ्यांनी तो नखाने फाडला. मीटर चालू होईना. त्यांनी तो उलटा केला. बॅटरीच्या झाकणातून प्लास्टिकची छोटी पट्टी बाहेर डोकावत होती. मीटर पहिल्यांदा वापरण्याआधी ओढून काढायची असते, ती. सासऱ्यांनी ती दोन बोटांत धरून हळूच ओढली, क्षणभर उजेडात धरली आणि खिशात ठेवली.  न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पुढचं सगळं दोन मिनिटांत आटपलं. चार तारांचा अंबाडा सोडवला. किल्ली बाहेर. गाडीची पिवळी, शून्य. गाडीची लाल, तेरा पूर्णांक एक व्होल्ट. किल्ली आत. दोन्ही तेरा पूर्णांक एक.

“या गाडीत कंपनीने रंग उलटे घातलेत,” सासरे मीटरकडे बघत म्हणाले. “लाल कायमची, पिवळी किल्लीची. तुम्ही तपासलं होतंत ना, पाहुणे?”

“रंग बघितले होते,” जावईबापू म्हणाले. “म्हणजे ही कंपनीची चूक आहे. मी त्यांना पत्र लिहिणार आहे.”

“लिहा,” सासरे म्हणाले.

त्यांनी तारा तिरप्या जोडल्या, गाडी सुरू केली, बाईला शेवटची भाषा सांगितली, स्टेशन लावलं, गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली, तिसऱ्यांदा सुरू केली. गाणं दर वेळी जिथे तुटलं त्याच स्टेशनवर उगवलं. बाई पुन्हा एकदाही बोलल्या नाहीत. न्यायाधीशांनी केबल गुंडाळली. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

“वर जा गं,” सासरे लेकीला म्हणाले. “खिळ्यावरची किल्ली घेऊन ये. आज तू चालव. आणि ठेव तुझ्याकडेच ती.”

ती पळत वर गेली. जावईबापू हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण चेहरा काहीतरी करतच राहणार. सासऱ्यांनी मीटर पुसून समोरच्या खणात ठेवला. “हा गाडीतच असू दे,” ते म्हणाले.

लेक चालवायला बसली, सासरे शेजारी. जावईबापू मागे, सासूबाईंच्या फाईलच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन. फाटकाबाहेर पडेपर्यंत गाण्याचा आवाज जरा जास्तच झालाय असं त्यांना वाटू लागलं. दोन सीटांमधून हात लांब करून त्यांनी पडद्याकडे बोट नेलं.

“असू द्या, पाहुणे,” सासरे मागे न बघता म्हणाले. “तुम्ही नुसते बसा.”