दिनविशेषाचा फळा

अंबडकडच्या आमच्या गावात, शाळेतला दिनविशेषाचा फळा माझ्याकडे होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी सांगायचो आणि सातवीतली बेबीनंदा लिहायची. बौद्धवाड्यातल्या कचरूची ही पोर. तिचं अक्षर इतकं देखणं की सगळं गाव ओळखायचं. फळ्यावर जुनंच लिहायचं, जयंत्या, पुण्यतिथ्या, लढाया, असा हेडमास्तरांचा नियम होता. जुन्यावरून कोणी भांडत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत रेडिओवर ऐकलं, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत मंजूर झाला. मला आनंद झाला आणि नको तो शहाणपणा सुचला. सकाळी बेबीनंदाला म्हटलं, "लिही, सत्तावीस जुलै."

"कालचं बी चालतं का, गुरुजी?"

"चालतं."

बाबासाहेबांचं नाव तिनं रंगीत खडूनं लिहिलं आणि लांब उभं राहून किती तरी वेळ पाहिलं.

दुपारी सर्जेराव पाटील दहा-बारा माणसं घेऊन शाळेत आले. "कचरूच्या पोरीचं अक्षर हाय हे," फळा बघून ते म्हणाले. "लई माजलेत!" मी शेजारीच उभा होतो. 'मी सांगितलं' एवढंच बोलायचं होतं. मी पाटलांच्या भावकीतला, फार तर चार शिव्या खाल्ल्या असत्या. पण तोंडातून शब्द फुटला नाही. थू माझ्या मास्तरकीवर!

चार दिवसांनी भरदुपारी कचरूचं घर पेटवलं. घरचे शेतात होते म्हणून वाचले. धूर बघून बेबीनंदा पळत आली, वह्या काढायला आत घुसली आणि हात भाजून घेतला.

कचरूनं गाव सोडलं. मी फाट्यावर गेलो तेव्हा तो बायको-पोरीला घेऊन जालन्याच्या एस.टी.ची वाट बघत बसला होता.

"पोलिसानं पोरीला इचारलं, कोणी सांगितलं लिवायला," तो म्हणाला. "म्हनली, माझ्याच मनानं लिवलं. मंग मला म्हनती, गुरुजीचं नाव घ्यायचं न्हाई बाबा, त्यांची नोकरी जाईल."

चल ठाण्यात, मी खरं सांगतो, असं म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "हिच्या शाळेचं काय?"

"कशाची शाळा, गुरुजी? तिघंबी मजुरीला जाऊ."

गाडी आली. फडकं बांधलेला हात सावरत बेबीनंदा वाकून माझ्या पाया पडली. सवयीनं माझा हात तिच्या डोक्यावर गेला.

"खूप शीक," मी म्हणालो.