पेशंट जेवला का?

“तिच्या आधी घास तोंडात घालू नकोस. ती मागून घेणारी नाही. तू जेवून उठलीस, की ‘माझं झालंय’ म्हणेल आणि तशीच झोपेल.”

सासूबाईंनी शेवटच्या आजारात हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता. ‘ती’ म्हणजे त्यांची थोरली मुलगी, माझी नणंद. मी हो म्हटलं. रोज सकाळी डोळे मिटून बसते तेव्हा दोन-चार गोष्टी मनाशी पुन्हा म्हणते, त्यांत ही एक येऊन बसली, ती कायमचीच.

वन्सं इस्पितळात नर्स होत्या. वॉर्डातल्या शेवटच्या पेशंटच्या पोटात काही गेल्याशिवाय त्यांनी स्वतःचा डबा कधी उघडला नाही. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला, नेम सुटला नाही. बागेतल्या तळ्यावर जाऊन बदकांना दाणे घालायच्या, मग घरी येऊन पानावर बसायच्या. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळं खाली राहिलं, वन्सं वर.

म्हणून मासा आणला. मी आणि हे, दोघं मिळून गेलो होतो. दोन बोटांएवढा, चंदेरी, पाठीवर ताठ पर.

“शार्क म्हणतात याला,” दुकानदार म्हणाला. “नुसतं नाव हो, चावत नाही.”

“वाढतो किती?” मी विचारलं.

“टाकी जेवढी, मासा तेवढा. जागा बघून स्वतःला आवरतो तो.”

“आमच्या मालकांना याच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं,” हे म्हणाले. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायला आहेत आणि दुकानाचा मालक दरवर्षी आणखी एक कपाट आत घुसवतो.

वन्संना ते आवरणं फार आवडलं. माशाचं नाव त्यांनी ठेवलं नाही. ‘पेशंट’ म्हणायला लागल्या. “पेशंट जेवला,” असं त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायच्या, तेव्हा मी ताटं घ्यायची. त्यांनी पहिला घास घेतला, की मग मी. माझं हे कुणाला ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पेशंट मात्र स्वतःला आवरत नव्हता. तळहाताएवढा झाला, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. टाकी बदलली. नव्या टाकीसाठी जेवणाचं टेबल भिंतीला चिकटवलं, एक खुर्ची बाल्कनीत गेली. दुसऱ्या वर्षी त्या टाकीतही त्याला वळताना धनुष्यासारखं वाकावं लागू लागलं. तोंड एका काचेला, शेपूट दुसऱ्या काचेला. दिवा लावला की दचकून धडक मारायचा. नाकावरची जखम भरायची आणि पुन्हा उघडायची. आम्ही त्या खोलीत शिरण्याआधी खोकायला शिकलो. यांना तर इतकी सवय लागली, की कामावरही आत जाताना खोकायचे आणि मालक औषध घ्या म्हणायचा.

खायला घालावं तर मासा वाढतो. न घालावं तर वन्सं उपाशी. यातून वाट कुठून काढायची?

मी माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदारानं ओळख दिली नाही. मी हातानं लांबी दाखवली तेव्हा दिली.

“परत नाही घेत हो बाई. एवढा कोण नेणार? बाजारात न्या, किलोवर जाईल.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात, आवरतो म्हणून.”

“काही आवरतात,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शहरातल्या मत्स्यालयात फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. असे पुष्कळ येतात, म्हणाली, आता जागा नाही. बागेतल्या तळ्याचा रखवालदार म्हणाला, बाहेरचा मासा सोडायला बंदी आहे, तो इथल्या माशांना जगू देत नाही. हे नदीत सोडायचं बोलले.

“नदीत लहान मासे नाहीत का रे?” वन्संनी एवढंच विचारलं.

आणि मग एक दिवस पेशंट जेवेना. दाणे वर तरंगत राहिले, फुगले, फुटले. वन्संनी ते जाळीनं काढून घेतले आणि दाराशी येऊन म्हणाल्या, “माझं ताट घेऊ नकोस.”

मी दोन ताटं झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तो तळाशी तिरका पडून नुसते कल्ले हलवत होता.

“ताई, खिडकीत चिमण्यांना दाणे टाक ना,” हे म्हणाले. “तेही दुसऱ्याचंच तोंड. नेम पुरा.”

“माझ्या वॉर्डातला उपाशी ठेवून शेजारच्या वॉर्डातल्याला भरवू?”

“वन्सं, त्या मुक्या जिवाला काय कळतंय तुम्ही जेवला नाहीत ते?” मी म्हटलं.

“त्याला नसेल कळत. मला कळतं ना.”

दुपारी ओट्याशी उभ्या होत्या त्या एकदम खाली बसल्या. कपाळ गार, ओठ पांढरे. त्यांना मधुमेह, उपासानं साखर उतरलेली. मी धावत साखर आणून जिभेवर ठेवली. मला वाटलं, थुंकतील. डोळे मिटून त्यांनी ती विरघळू दिली. “साखर औषध आहे,” म्हणाल्या, “जेवण नाही. तेवढं चालतं.” मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सवयीनं नाडी बघितली. “तू का गं जेवली नाहीस?”

मी दुसऱ्या हातानं सांडलेली साखर गोळा करू लागले.

“आईनं सांगितलं होतं का?”

मी मान हलवली. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी यांना सगळं कळलं तेव्हा डोक्याला हात लावून बसले. “म्हणजे मासा उपाशी म्हणून ताई उपाशी, ताई उपाशी म्हणून तू उपाशी, आणि या घरात जेवणारा राक्षस मी एकटा! मीही सोडलं असतं, पण हात थरथरले तर लोकांना भलत्याच नंबरचे चष्मे जातील.” ताटावर बसले आणि दोन घासांत उठले.

दुसऱ्या दिवशी हे चष्म्याच्या दुकानात येईल त्याला ‘मासा ठेवून घ्याल का’ विचारत सुटले. दुपारी एक रोपवाटिकावाली चष्मा न्यायला आली. तिच्याकडे झाडांच्या पाण्याचा सिमेंटचा मोठा हौद होता. “आणा,” ती म्हणाली, “पण खायला घालायचं माझ्यावर टाकू नका. मी स्वतः जेवायची विसरते. आणि पाणी हिरवंगार आहे. आत पडलेली बादलीसुद्धा दिसत नाही.”

त्याच दिवशी टेम्पो आला. वन्संनी जुनी चादर भिजवली, पेशंटच्या खाली सरकवली, चारही कोपरे आमच्या हातांत दिले. “पलंगावरून उचलतात तसं. डोकं आधी. एक, दोन, तीन!” यांच्या अंगावर निम्मी टाकी सांडली. मासा पिंपात गेला तेव्हा वन्संचा हात क्षणभर त्याच्या पाठीवर होता. जिन्याच्या तोंडापर्यंत त्या आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली उतरणं त्यांना शक्यच नव्हतं.

हौदात सोडल्यावर तो एकदा कुशीवर झाला. मग सरळ झाला आणि गेला. हिरवं पाणी मिटलं. मी दाणे टाकले, वाकून बघत राहिले. वाऱ्यानं दाणे एका कोपऱ्यात गोळा झाले, काही बुडाले. बुडाले, की कुणी ओढून नेले?

घरी आले तर वन्सं दारातच.

“पेशंट जेवला का?”

तीन अक्षरांचं उत्तर होतं: जेवला. ओठांपर्यंत आलंही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“दिसलं नाही हो वन्सं,” मी म्हटलं. “पाणी फार गढूळ आहे.”

त्यांनी मान हलवली. “पेशंट दुसऱ्या वॉर्डात गेला की तिथून निरोप यायचा. निरोप येईपर्यंत मी थांबायची.” मी हात जोडले तेव्हा पेलाभर दूध घेतलं, औषध म्हणून, आणि दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला, तोही औषध म्हणून.

“उद्या जाशील?”

“जाईन.”

“दिसलं तरच दिसलं म्हणायचं हं. माझ्याकडे बघून खोटं बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

सकाळी डोळे मिटून बसले तेव्हा नेहमीच्या गोष्टींत ही एक आणखी आली. उठले. रिकाम्या टाकीतला पंप अजून चालू होता. बंद कर, असं कुणीच म्हणालं नव्हतं. दाण्यांचा डबा घ्यायला गेले तर डब्यावर एक काळा चष्मा ठेवलेला. पाण्यावरची चकाकी मारणाऱ्या काचा असतात, तसल्या. पुरुषी, मोठा. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते.

“अहो, हिरव्या पाण्यात यानं काय दिसणार?”

“चकाकी तरी जाईल,” हे पान न उलटता म्हणाले.

वन्सं खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. तिथून बस-स्टॉपपर्यंतचा रस्ता दिसतो. मी चष्मा लावला. तो नाकावरून घसरला, पुन्हा वर सारला. डबा पिशवीत घातला आणि पाय न वाजवता जिना उतरू लागले.